सहा नंबरचं दार

हे खरं घडलेलं आहे. वेळा मी त्या-त्या दिवशी वहीत लिहून ठेवल्या, म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतोय. रात्रही नव्हती. भर दुपार होती आणि आमचं राहतं घर.

आईला विसर पडायला लागला होता. दोनदा ती न सांगता बाहेर गेली. दुसऱ्यांदा हमरस्त्यावर सापडली, अनवाणी.

तिसऱ्यांदा सापडेलच असं नव्हतं.

म्हणून दारांना अलार्म बसवायचं ठरलं.

"वायरवाला बसव," ताई म्हणाली. "साठ वर्षांचं घर. दीड फुटी भिंतीतून तुझा बिनवायरचा सिग्नल जाणार आहे का?"

"मग काय, सगळ्या भिंती फोडू?"

"मी काय गोठ्यातली गाय आहे का रे, दावं सोडून पळायला?" आई म्हणाली. तिघंही हसलो.

बिनवायरचाच बसवला. बाहेर जाणारी दारं पाच, सेन्सर पाच.

तिसऱ्या दिवशी, तीन वाजून दहा मिनिटांनी, अलार्मचं पॅनेल किंचाळलं...

'दार ६ उघडे.'

आम्ही धावलो. पाचही दारं बंद होती.

आई मधल्या खोलीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"काय गार वारा येतोय रे," ती म्हणाली.

"शेजारच्या कुणाचा तरी सिग्नल घुसत असेल," अलार्मवाला म्हणाला. "जुन्या घराला वायरच बरी, साहेब."

ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दोन दिवस ड्रिल चाललं. वायरी ओढल्या. पॅनेलमधल्या सहाव्या जागेला वायरच जोडली नव्हती. मी स्वतः बॅटरी मारून पाहिलं.

काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन दहाला...

'दार ६ उघडे.'

आई त्याच भिंतीपाशी होती. भोंग्यानं थरथर कापत होती.

मी सहा नंबरचा आवाज बंद केला. फक्त सहाचा. नसलेल्या दारासाठी तिला रोज कशाला घाबरवायचं?

त्यानंतरच्या मंगळवारी ताई चहा टाकायला गेली. मी बाहेरच्या खोलीत फोनवर होतो.

"आई, चहा."

ताईनं कप खाली ठेवला.

"आई?"

अंथरूण अजून ऊबदार होतं...

पॅनेलवर नोंद होती. दार सहा तीन दहाला उघडलं. तीन अकराला बंद झालं.

बाकीची पाच सकाळपासून बंदच.

पोलीस झाले, दवाखाने झाले, नदीकाठ झाला. चौथ्या दिवशी मी पहार घेऊन ती भिंत फोडली.

पलीकडे आमचंच स्वयंपाकघर. भगदाडासमोर ताई हात पुढे करून उभी होती. माझा चेहरा दिसला आणि तिनं हात खाली घेतले.

सात महिने झाले. सहाचा आवाज मी आई नाहीशी झाली त्याच दिवशी पुन्हा चालू केला. तो एकदाही वाजलेला नाही.

परवा अलार्मवाल्याला फोन केला. "सहावा सेन्सर बसवून द्या."

"देतो की. कुठल्या दाराला?"

मी मधल्या खोलीतल्या भिंतीकडे पाहिलं.

"हॅलो? साहेब, कुठल्या दाराला?"