तिसरा आकडा

"तुमचा पट्टा उसवलाय."

ब्लडप्रेशरचा पट्टा मी त्याच्या दंडाला गुंडाळत होते आणि हा माणूस त्याची शिवण न्याहाळत होता!

"गप्प बसा. मोजताना बोलायचं नसतं."

"बरं," तो म्हणाला आणि बोलतच राहिला. "मी रफूगार आहे. उसवलेलं दिसलं की हात शिवशिवतात."

डोळ्यांच्या दवाखान्यात मी पडद्याचे फोटो काढते. थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि आतल्या पडद्याचा फोटो घ्यायचा. त्याआधी बीपी. यंत्र तीन आकडे दाखवतं: वरचं, खालचं आणि नाडीचे ठोके. फॉर्मवर जागा मात्र पहिल्या दोनांनाच.

त्याला बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. साखर आटोक्यात होती, पडद्यावर जेमतेम चार लाल ठिपके. बीपी मात्र १५८/९६.

"जास्त आहे," मी म्हणाले.

"तुम्ही इतक्या जवळ बसल्यावर कमी कसं येईल?"

मी हसले नाही... निदान त्याला दिसेल असं तरी नाही. दवाखान्यात आल्यावर काहींचं बीपी उगीच वाढतं, हे मी शिकले होते. शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकलं – 'इथे आल्यावर वाढतं.' डॉक्टर मॅडमनी माझ्या शेऱ्यावर विश्वास ठेवला आणि तीन महिन्यांनी बोलावलं.

पट्टा तो घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला. मी भिंगाखाली शोधलं, पण जोड सापडेना.

"कुठे शिवलंत?"

"सांगितलं तर पुन्हा विचारायला कशाला याल?"

त्यानंतर माझ्या कपड्यांना अचानक भोकं पडू लागली. आधी कोटाचा खिसा, मग ओढणी, मग छत्री... त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी सुई बघत राहायची. एकेक धागा तो कापडाच्याच विणीतून नेई. मला प्रत्येक वेळी वाटे, आता तरी कळेल कसं करतो ते.

तीन महिन्यांनी तो आला तेव्हा बीपी १६२/९८ होतं.

"बघा, वाढतच चाललंय. माझा काय दोष?"

मी पेन शेऱ्याच्या रकान्यावर टेकवलं. मग वाटलं, आधी फोटो काढावा.

पडद्यावर ठिपके मोजता येईनात. शिवाय कापसाच्या बोळ्यांसारखे दोन पांढुरके डाग. साखर आटोक्यात असताना हे कसं? मी जुना फॉर्म काढला. उत्तर माझ्याच अक्षरात समोर होतं.

"घरी कधी बीपी मोजलंत?"

"छे. घरी तुम्ही कुठे असता?"

"आज थट्टा नको." मी जुन्या फॉर्मवर बोट ठेवलं. "'इथे आल्यावर वाढतं' हा शेरा मी न पडताळता लिहिला. खरा असावा, असं मला वाटत होतं... म्हणून. तुमचं बीपी खरंच वाढलेलं असणार. मधुमेहात ते वाढलं की पडद्याच्या नसा लवकर खराब होतात. चूक माझी आहे."

थेंबांमुळे त्याच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर झाल्या होत्या. जवळचं काही त्याला स्पष्ट दिसत नव्हतं, माझा चेहराही नाही.

"मला सुईत दोरा ओवता येईल ना?" त्याने हळूच विचारलं.

"आज येतो. तो पुढेही यायला हवा. पडद्याला रफू करता येत नाही, आहे तो जपावा लागतो."

मॅडमनाही मी सगळं सांगितलं. त्यांनी मला झापलं ते झापलंच, आणि त्याला आठवडाभर घरी बीपी मोजायला लावलं. त्याच्या ताईने रोज मोजलं, रोज एकशे साठच्या घरात. गोळ्या सुरू झाल्या.

माझ्या कपड्यांना मात्र भोकं पडेनाशी झाली. कोणत्या तोंडाने जाणार होते?

पुढच्या तपासणीला तो आला. पाय जमिनीला टेकवून, पाच मिनिटं तोंड मिटून बसला. बीपी १२४/७८.

"उत्तम," मी म्हणाले. आनंद झाला... आणि आत काहीतरी खट्टूही झालं. म्हणजे माझ्यामुळे काहीच वाढत नव्हतं तर.

"हा खालचा, तिसरा आकडा कसला?"

मी आजवर तो नीट बघितलाच नव्हता. ११२.

"नाडीचा."

"जास्त आहे?"

"पाच मिनिटं शांत बसलेल्या माणसाला... जास्तच. पण एकदा आलेला आकडा पुरावा नसतो. दुसऱ्या कुणीतरी मोजून बघायला हवं."

"ताई रोज मोजते की. बहात्तर. कधी सत्तर."

तो आकडा लिहायला मी फॉर्मवर जागा शोधू लागले.

"आणखी पुरावा हवा असेल, तर रोज मोज ना," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'.

"आधी फोटो," मी कशीबशी म्हणाले आणि थेंब घातले. फोटोत नवा एकही ठिपका नव्हता. पांढुरके डाग विरत चालले होते. मी सुटकेचा श्वास सोडला, तोवर त्याने चाचपडत पट्टा उचलून माझ्या दंडाला गुंडाळला होता.

"बोलायचं नाही," तो म्हणाला.

यंत्र घरघरलं, थांबलं. त्याने डोळे बारीक केले, मान मागे घेतली. "मला वाचता येत नाहीये. तिसरा किती?"

खोटं सांगता आलं असतं.

"एकशे अठरा," मी म्हणाले.

"शेरा काय लिहायचा?"

"लिही... पडताळून पाहिलं."