हातातली झोप

ती मोबाईलची बत्ती आधी बंद कर. अबुजर, तुलाच म्हणतोय. वीज आल्याशिवाय टेम्पोत केळी भरता येत नाही, तोवर ह्या शंकरप्पानं गोष्ट सांगायची आणि तुम्ही त्याच्या तोंडावर उजेड मारायचा, हे जमायचं नाही. मोहसीन, तूही जवळ सरक. मला ओरडून सांगता येणार नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. जिथं आपण बसलोय त्या अर्धापूरच्याच शिवारात व्यंकटची केळी आहे. माझ्या टेम्पोत शेजारी बसून तो कितीदा नांदेडला आलाय. त्यानं हे मला एकदाच सांगितलं, तेही दारूच्या थेंबाला न शिवता.

गेल्या वर्षीचा पोळा. शुक्रवार होता, अमावस्या. व्यंकटनं बैलांची पूजा धाकट्या भावावर सोडली, पुरणपोळीचा डबा फडक्यात बांधला आणि उन्हं कलताना बायकोला भेटायला निघाला. बायको म्हणजे गुणाबाई. पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला ठेवलं होतं आसना नदीच्या पुलाजवळच्या एका घरात. दवाखाना म्हणावा तर तिथं बरं करत नाहीत. ज्याचे दिवस भरत आले त्याचं दुखणं तेवढं कमी करतात, धुतात, पुसतात, चार शब्द बोलतात. रोग्याची चादर घरचीच आणा म्हणतात, माणसाला शेवटी आपल्या घरचा वास यावा म्हणून. गुणाबाईच्या खाटेवर तिच्या माहेरची पांढरी चादर होती.

तिला तिथं ठेवायची युक्ती जावयाची, दयानंदची. तो लातूरला मास्तर आहे. सासऱ्याचा स्वभाव त्याला ठाऊक, म्हणून शहाण्यानं आधीच सांगून टाकलं, "मामा, तुम्ही स्वतः पारखून घ्या. सेवा पटली तर राहू द्या, न्हाई पटली तर आपण मामींना घरी आणू. तुमचा शब्द शेवटचा."

आता व्यंकटला पारखायला सांगणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. केळीचा घड नुसता अंगठ्यानं दाबून आतली खोट सांगणारा माणूस. व्यापारीसुद्धा त्याला बागेत घेऊन जायचे. त्यानं ते घर तसंच दाबून बघितलं. उशांचा वास घेतला. मोरीत डोकावला. सेवा करणाऱ्या बायांची नखं बघितली. शेजारच्या रोग्यांना गुपचूप विचारलं, रात्री हाक मारली तर कुणी येतं का, दुखलं की गोळी वेळेवर मिळते का, खेकसतात का. कुठंच बोट शिरेना.

आणि पोरांनो, चांगलं निघालं म्हणून माणूस खूश होतो. हा जळायला लागला.

कारण होती सबिहा. तिथली सेवेची बाई, नांदेडचीच, चाळिशीची. वर्षभर गुणाबाईचं सगळं व्यंकटनं एकट्यानं केलं होतं. भाऊजयीला, लेकीला, कुणाला हात लावू दिला नव्हता. पाठ जळायला लागली की बागेतलं कोवळं पान कापून आणायचा, मधली दांडी काढून ते पाठीखाली घालायचा. आपल्याकडं भाजलेल्याला, अंथरुणाला खिळलेल्याला घालतात तसं. मग एक गुडघा खाटेवर टेकवून तिची कूस बदलायचा. "हं... हं... झालं," असं म्हणत. शेवटी शेवटी ती रात्रभर किंचाळायची, कारण घरी दुखणं थांबवायचं औषध नव्हतं. पण पानावर टेकली की घटकाभर डोळा लागायचा, आणि ती म्हणायची, "तुमच्या हातात झोप हाय." चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचं केलेलं एवढं एकच कौतुक. त्यावर तो माणूस जगत होता.

इथं आल्यावर तिचं किंचाळणं थांबलं. सबिहाच्या हातून ती भात खायला लागली. हसायलासुद्धा लागली. व्यंकट पान घेऊन आला तर सबिहा म्हणाली, "द्या चाचा, लई चांगलं केलं. पाठीच्या जखमेला पट्टी हाय, तिच्यावरून घालते." आणि तिनं ते असं घातलं की एक सुरकुती नाही. गुणाबाईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "सबिहा, तुझ्या हातात झोप हाय बग."

झालं. तेच शब्द. व्यंकटच्या काळजात कुणी विळा फिरवावा तसं झालं. उभ्या गावात त्याला कुणी हरवलं नव्हतं आणि ह्या परक्या बाईनं आठ दिवसांत त्याचं सगळं नेलं. त्या दिवसापासून त्यानं पान न्यायचं बंद केलं. बागेत पानं सळसळत होती, पण नाही म्हणजे नाही. आणि त्यानं मनाशी ठरवलं, ह्या घरात एक खोट सापडू दे, एकच, की गुणाला उचलतो आणि घरी नेतो. ती तिथं पुन्हा किंचाळेल, हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. ते मला सांगताना त्यानं मान खाली घातली होती.

तर पोळ्याची रात्र. गुणाबाईनं पुरणाचं बोट चाखलं, बैलांचं विचारलं. व्यंकटनं तिच्या खोलीतच भिंतीला लागून असलेल्या बाकावर अंग टाकलं. दिवे गेले. कोपऱ्यात बॅटरीवरचा एक बारीक दिवा तेवढा राहिला. मध्यरात्र उलटल्यावर सबिहा दारात आली.

"चाचा, जागे हाव का? शेजारच्या खोलीतले कंधारचे बाबा आता जाऊन राहिलेत. त्यांचं कुणी पोचलं न्हाई. मी त्यांच्यापाशी बसते. चाचींनी आवाज काढला तर मला एक हाक मारा. एका हाकंत येते."

"हाव," व्यंकट म्हणाला.

ती गेली. आणि व्यंकटला अंधारात हसू आलं. सापडली खोट! रोग्याला सोडून गेली. आता गुणा कण्हेल, कुणी येणार नाही, आणि सकाळी जावयाला छाती ठोकून सांगता येईल, रात्री इथं कुत्रं फिरकत नाही. हाक मारायचं तर त्याच्याच हातात होतं. पण हाक मारली तर ती येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तर मारायची नव्हती.

थोड्या वेळानं गुणाबाई कण्हली.

व्यंकट पडून राहिला.

"कूस... कूस बदला हो कुणी..."

तो दोन हातांवर होता. उठला असता, तर झालं असतं. पण उठून कूस बदलली की खोट बुजली. अजून थोडं... त्यानं मनाला सांगितलं. अजून थोडं दुखू दे. म्हणजे पक्कं होईल.

"आवं... हायसा का तुम्ही?"

त्यानं डोळे मिटून घेतले. घोरायचं नाटक केलं.

मग ती बोलायची थांबली.

ते कण्हणं बरं होतं, पोरांनो. ती गप्प झाली ते वाईट.

बाहेर बेडूक ओरडत होते. तेही थांबले...

आणि व्हरांड्यात पाऊल वाजलं. एक नीट पडणारं. एक ओढत येणारं. टक्... खर्र. टक्... खर्र.

सबिहा नव्हे. ती अनवाणी चालायची. पाऊल ओळखीचं होतं, लई ओळखीचं. पण कुणाचं ते ध्यानात येईना.

टक्... खर्र.

दारात थांबलं.

आत आलं.

आधी वास आला. ताज्या कापलेल्या केळीचा. चिकाचा. त्यानं किलकिल्या डोळ्यांनी बघितलं. पाठमोरा माणूस. खांद्यावर टॉवेल. हातात लांब काहीतरी, त्यातून पाणी ठिबकतंय.

व्यंकटच्या डोक्यात सणक गेली. परका पुरुष? माझ्या बायकोच्या खाटेपाशी? एवढ्या रात्री? भीती नंतरची. आधी पेटला तो मत्सरच.

उठायला गेला.

उठवेना.

हात उचलायला गेला. हात छातीवरून हलेना. तोंड उघडेना.

त्या माणसानं पान पसरलं. एक गुडघा खाटेवर टेकवला. एक हात तिच्या खांद्याखाली घातला...

"हं... हं... झालं."

आवाज.

व्यंकटचाच. त्याच्या डाव्या पायावर लहानपणी बैलानं पाय दिला होता, तेव्हापासून तो पाय ओढतो. पण आपल्या चालण्याचा आवाज आपण कधी बाहेरून ऐकतो का? ...नाही ना. म्हणूनच ओळखू आला नव्हता.

त्या माणसानं कूस बदलली. दुसरा हात चादरीवर टेकवला, आधाराला. बारीक उजेड त्या हातावर पडला. उजवा हात. करंगळीशेजारचं बोट अर्धं.

व्यंकटचं ते बोट पान कापतानाच तुटलंय. लग्नाच्या पुढच्याच साली.

त्यानं आपल्या छातीकडं बघितलं. त्याचा उजवा हात तिथंच होता. अर्ध्या बोटासकट.

गुणाबाईनं मोठा श्वास सोडला. म्हणाली, "आलात का..."

त्या माणसानं तिच्या कपाळावरून हात फिरवला. मग वळला. दाराकडं निघाला. बाकापाशी आला. अगदी जवळून गेला... टॉवेल व्यंकटच्या पायाला लागला.

पण त्यानं व्यंकटकडं बघितलं नाही. बाकावर कुणी नसल्यासारखा निघून गेला.

टक्... खर्र. टक्...

...

सकाळी सबिहानं हलवून उठवलं. रात्रीच्या जागरणानं तिचे डोळे लाल. कंधारचे बाबा पहाटे तिच्या हातात हात देऊन गेले होते. ती म्हणाली, "चाचा, पान कवा आणलं? काल तर रिकाम्या हातानं आलते. लई छान घातलंय, मला बी असं जमत न्हाई."

गुणाबाई पानावर पडली होती. पान हिरवंगार, कापलेल्या टोकाला अजून थेंब. बाग तिथून किती लांब, तुम्हीच बघा. व्यंकटनं आपले हात नाकाशी नेले. पुरणाचा वास होता. चिकाचा नव्हता. हात कोरडे खडखडीत.

गुणाबाईनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. चेहरा असा निवळला होता की त्याला लग्नातली गुणा आठवली.

"रातच्याला तुमचा हात लागला," ती म्हणाली. "मी वळखला. सबिहाचा हात हलका हाय, पण तुमचा त्यो तुमचा. मला वाटलं, तुम्ही रुसलाव माझ्यावर."

हाव म्हणावं तर खोटं. न्हाई म्हणावं तर तिच्या जिवाला लागणार. तो नुसता तिचा हात धरून बसला. दुपारी गुणाबाई गेली. दुखल्याखुपल्याशिवाय, झोपेतच.

तेराव्याला दयानंदनं विचारलं, "मामा, मला खरं सांगा. तिथली सेवा कशी होती?"

व्यंकट म्हणाला, "जागा चांगली हाय. माणसं बी चांगली हायत. त्या रात्री तिथं एकच माणूस खराब होता."

दयानंदला वाटलं, म्हातारा तिथल्या कुणा पहारेकऱ्याबद्दल बोलतोय. त्यानं पुढं विचारलं नाही.

गेलेल्या माणसाचं अंथरूण आपण घरात ठेवत नाही. पण ती माहेरची चादर व्यंकटनं कुणाला देऊ दिली नाही. भाऊजयीनं धुऊन वाळत घातली, आणि वाळली तशी ओरडतच आत आली. केळीचा चीक ओला असताना दिसत नाही, वाळला की काळा पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोज अंगावर घेता.

मी ती चादर बघितली. व्यंकटनंच दाखवली. म्हणाला, "शंकरप्पा, मी सबिहावर जळलो ती जळजळ तिथंच सरली. आता मी ह्याच्यावर जळतो. तिनं मरताना ह्याला वळखलं, मला न्हाई. तिची कूस बदलायची माझी पाळी ह्यो घेऊन गेला." आणि तो म्हातारा लेकरासारखा रडला.

मग त्यानं डोळे पुसले, चादर खाटेवर पसरली आणि तिच्यावर आपला उजवा हात ठेवला. जिथं डाग होता, तिथंच.

काळाभोर पंजा. चार बोटं पुरी, एक अर्धं. कुठं केसाएवढाही फरक नाही.

त्यानंतर ती चादर किती वेळा धुतली... तो पंजा अजून तसाच आहे.