फिक्या भाजणीची कॉफी

“दादानं एकट्यानं यावं... वहिनींना सोबत आणू नये.”

धुळ्याहून आलेला हा निरोप शालिग्रामनं बायकोला मान खाली घालूनच सांगितला, आणि भाकरी उलटायला पुढे झालेला कुंदाबाईचा हात तव्यावर तसाच थबकला. पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात स्टोव्ह फरफरत राहिला. धाकट्या दिराची, जीवरामची बायको गिरिजा पोटाच्या मोठ्या ऑपरेशनमधून जेमतेम वाचून घरी आली होती. आणि ज्या आईवेगळ्या जीवरामला कुंदाबाईनं लहानपणापासून आपल्या ताटातला घास भरवून वाढवलं होतं, त्यानंच आज कळवलं होतं... वहिनी नको!

“मी येणार,” ती थकल्या आवाजात म्हणाली. “उंबऱ्यावरून परत धाडलं तर परत येईन.”

“कशाले अपमान करून घेते व?”

“अपमान वाटायलेही अंगात ताकद लागते. ती आता राह्यली नाही माह्यात.”

मग शालिग्राम काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “रिकाम्या हातानं कसं जायचं? बिबड्या-पापड ने, भरताची वांगी ने...”

कुंदाबाईनं मान हलवली. “तिच्या डोंगरावरची कॉफी नेईन.”

कॉफी! तो शब्द तोंडातून निघाला मात्र, आणि बारा वर्षांपूर्वीची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. जीवराम बँकेच्या नोकरीवर चिकमगळूरला गेला, तिथल्या कॉफीच्या मळ्यातल्या कारकुनाच्या मुलीशी लग्न करून तिला बोदवडच्या तेव्हाच्या घरी घेऊन आला. पोरीला मराठीचं अक्षर येत नव्हतं. माहेरच्या मळ्याच्या हिरवट बिया तिनं पदराच्या गाठीत जपून आणल्या होत्या. त्या तिनं कुंदाबाईच्या तव्यावर भाजल्या, आणि दाणे तपकिरी होताच आपला सावळा हात त्यांच्याशेजारी धरून हसून खुणेनं सांगितलं... एवढाच रंग! काळ्या करायच्या नाहीत! दोघी जावा किती हसल्या होत्या त्या क्षणी!

तेवढ्यात सासरे, कौतिकआबा, आत आले. परजातीची, परमुलखाची सून त्यांना पहिल्या दिवसापासून काट्यासारखी सलत होती. त्यांनी तो तवाच उचलून गल्लीत भिरकावला. मागच्या पडवीत त्यांनी कुंदाबाईला बजावलं, “ही पोरगी या घरात राह्यली, तर मी विहीर जवळ करीन!” तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, विनवण्या केल्या... आबा बधले नाहीत.

जीवरामला हे कळलं असतं तर त्यानं जन्मात बापाचं तोंड पाहिलं नसतं. म्हणून ती बाहेर आली आणि कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, “मलेच नाही चालणार, जीवा. तिच्यासोबत एका चुलीवर माह्यानं निभणार नाही. तुम्ही दुसरीकडं बिऱ्हाड करा.”

तो नुसता पाहत राहिला होता. ती नजर! हृदयात रुतलेलं ते शल्य तिनं इतकी वर्षं कुणाला दाखवलं नाही, शालिग्रामलासुद्धा नाही. जीवराम बापाला भेटायला वर्षातून दोनदा बोदवडला यायचा, वहिनीचं मात्र पाणीही प्यायचा नाही. तीन वर्षांपूर्वी आबा गेले, त्यानं रडत रडत अग्नी दिला, आणि वहिनीच्या अंगावरून न बोलता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती भुसावळला गेली. रेल्वे क्वार्टरांच्या मागे सुब्बय्या नावाच्या दक्षिणेकडच्या गृहस्थांचं कॉफी भाजून दळून द्यायचं दुकान होतं.

“चिकोरी किती घालू, अम्मा?”

“काहीच नको. दुसऱ्या दाण्यांची मिसळही नको. चिकमगळूरच्या एकाच मळ्याची द्या... आणि फिकी भाजलेली.”

सुब्बय्या हसले. “फिकी इथं कोण घेतं? ही बघा, सगळी काळीच.”

तिनं तीन-चार बरण्या हुंगल्या. सगळ्यांना करपटलेला वास. ती पायरीवर बसून राहिली. उठायचं त्राणच नव्हतं. “आजारी जावेसाठी पाहिजे,” ती पुटपुटली. “तिच्या माहेरची चव पाहिजे.”

सुब्बय्या जरा वेळ घुटमळले. मग आतून एक लहान पिशवी घेऊन आले. मुलगी बाळंतपणाला येणार म्हणून एका मळ्याचे कच्चे दाणे त्यांनी बाजूला ठेवले होते. त्यातले अर्धे त्यांनी भाजायच्या पिंपात ओतले. पिंप फिरू लागलं. ते मधूनमधून दाणे काढून दाखवत, आणि कुंदाबाई डोळे मिटून तो सावळा हात आठवी. अजून पिवळट... अजून नाही... मग दाणे तडतडले, आणि भाजत आलेल्या हरभऱ्याचा वास सुटला, त्यामागून मोसंबीच्या सालीसारखा काहीतरी...

“बस! उतरवा!” ती एकदम ओरडली.

“अजून थोडं होऊ दे की.”

“नाही. एवढाच रंग.”

पारोळ्यावरून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत कॉफीचा डबा तिनं मांडीवर धरला होता. शालिग्राम शेजारी अवघडून बसला होता. धुळ्याच्या घराचं दार जीवरामनंच उघडलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते पोराचे!

“दादा, मी काय निरोप दिला होता?” तो थंडपणे म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, “तुम्ही कशाला आलात? तिच्यासोबत तुमचं एका चुलीवर निभत नाही ना?”

“हे देऊन जाते रे...” तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला आणि माघारी वळली.

“अक्का!”

आतून क्षीण, फाटकी हाक आली. गिरिजाच्या भाषेत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि खान्देशातही. त्या दिवसांत दोघींना मिळून कळणारा तेवढा एकच शब्द होता. भिंतीला धरत गिरिजा दारापर्यंत आली.

“त्यांना परत पाठवलंत, तर मीही जाईन,” ती नवऱ्याला म्हणाली. “त्या दिवशी मी पडवीच्या दाराआड उभी होते. तुमचे आबा ओरडत होते, विहिरीकडे हात दाखवत होते, आणि ह्या त्यांच्या पायांवर डोकं आपटत होत्या... माझ्यासाठी! ते कळायला मराठी लागत नव्हतं हो!”

“गिरिजा, गप!” कुंदाबाई कळवळली. “आता ते देवाघरी गेले. कशाले उकरते?”

जीवराम बायकोकडे वळला. “तू... तू मला सांगितलं का नाहीस?”

“बाप जिवंत असताना सांगितलं असतं, तर तुम्ही बापाला तोडलं असतं. अक्कांनी ज्यासाठी सोसलं, तेच मी मोडायचं? मग ते गेले, आणि तुम्ही पोरासारखे रडत होतात... धीर झाला नाही. सगळं ओझं अक्कांवर टाकून मी गप्प बसले, मीच खरी अपराधी! ऑपरेशनला नेताना वाटलं, हे असंच सोबत घेऊन गेले तर?”

शालिग्राम भिंतीला टेकून खाली बसला. जीवराम कुंदाबाईच्या पायांशी कोसळला. “वहिनी! एवढी वर्षं मी तुला... एकदा तरी थोबाडीत मारायचीस गं!”

“ऊठ रे,” तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज थकलेलाच होता. “माफी-बिफी मागून कोणी आता रडू नका. तिले आधी निजव. मलेही बसू दे.”

गिरिजानं डबा उघडला आणि चेहरा त्यात झुकवला. कितीतरी वेळ ती नुसता श्वास घेत राहिली. “आमच्या शेजारच्या डोंगराची असेल,” ती रडत हसली. “अगदी असाच वास! पण डॉक्टरांनी मला कॉफी बंद केलीय, अक्का.”

“व माय!”

“तुम्ही प्या. मी वास घेते.”

जीवरामनं स्वतः कॉफी केली, बिनदुधाची, बायकोनं शिकवलेली. कुंदाबाईनं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. आंबटसर, कडवट...

“आवडली?” गिरिजानं विचारलं.

“नाही व बाई,” ती खरं बोलली, आणि तरी कप संपवला.

मग गिरिजाच्या खाटेशेजारी सतरंजीवर ती जरा पाठ टेकते म्हणाली, आणि पडल्या पडल्या तिचा डोळा लागला. गिरिजाचा हात खाटेवरून खाली लोंबत तिच्या खांद्यावर विसावला. दुपार कलली, आजाऱ्याला भेटायला शेजारपाजारचे येऊ लागले. जीवराम दारातच बसून होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो ओठांवर बोट ठेवून सांगत होता,

“हळू बोला... वहिनी झोपलीय.”