मोहरीची मांडवपरतणी

कुत्र्याला टोपी घालणं हा काय प्रकार असतो ते बघायचं असेल, तर सकाळी ‘सोबत’मध्ये जावं. जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये हा प्राण्यांचा आसरा आहे. शहरातली हरवलेली, टाकलेली, गाडीखाली सापडलेली कुत्री-मांजरं इथे येतात. चहाची किटली फिरत असते आणि डॉक्टर इरफान मुजावर एकेका कुत्र्याला मांडीत दाबून त्याच्या डोक्यावर विणकामाची टोपी चढवत असतात. टोपीच्या आत केसाइतक्या बारीक तारा असतात. कुत्रं पुढच्या पायानं टोपी ओरबाडून काढतं, डॉक्टर पुन्हा चढवतात. आसरा चालवणाऱ्या मालनताई तांबट पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, की माणसांना टोप्या घालून झाल्या, आता ही बिचारी राहिली होती.

या यंत्राला गंधवाचक म्हणत. कुत्र्याचं अर्धं जग नाकात असतं. ओळखीचा वास आला की त्याच्या मेंदूचा एक कोपरा जागा होतो, आणि टोपी ते टिपते. आता वासही साठवता येऊ लागले होते. कुत्र्याचा परवाना काढताना मालकानं दिवसभर अंगावर बाळगलेला कापसाचा बोळा कचेरीत द्यायचा. तिथे त्या वासाचं रासायनिक सूत्र काढून ठेवत आणि यंत्रातल्या कुप्या त्या सूत्रावरून तोच वास पुन्हा तयार करत. कुत्र्याच्या नाकापुढे असे एकामागून एक वास सोडायचे. ओळख पटली की पडद्यावर लाल रेघ उठते आणि त्या वासानं आनंद झाला तर सोबत हिरवी.

मालनताईंचा विरोध दिवाळीपर्यंत टिकला. फटाक्यांना घाबरून पळालेलं एक म्हातारं कुत्रं शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडलं होतं. टोपीनं चुटकीसरशी त्याचं घर शोधून दिलं. घरची माणसं त्याला मिठी मारून रडली, ताईही रडल्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसाठी पुरणपोळ्या घेऊन आल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग कायदा आला. कोणतंही जनावर नव्या घरी देण्याआधी गंधवाचकाखाली बसवलंच पाहिजे. परवानाधारक मालक निघाला आणि त्याच्या वासानं जनावराला आनंद झाला, तर पहिला हक्क त्याचा. कायदा केला होता हरवलेल्यांसाठी, लागू झाला टाकलेल्यांनाही. हरवलेलं कुठलं आणि टाकलेलं कुठलं, हे टोपीला कळत नाही. कायदा करणाऱ्यांना कळायला हरकत नव्हती, पण आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर कुत्र्याच्या वाट्याला पीठही आलं नाही.

मोहरी ही कुत्री घाटात सापडली होती. रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याला नायलॉनच्या दोरीनं बांधलेली, भर उन्हात, पाण्याचा थेंब नाही. सुटायला धडपडून धडपडून दोरी मानेत रुतली होती. मालनताईंनी ती कापली तेव्हा मोहरी ओरडलीसुद्धा नाही. जखम भरली, पण मानेभोवती केस पुन्हा आले नाहीत. ज्यानं गाठ मारली त्याला एकदा डोळ्यांनी बघायचंय, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तिला घर मिळत होतं ते रंगनाथ केंजळ्यांचं. केंजळेकाका वीजमंडळातले निवृत्त लाइनमन. बायको गेल्यावर घर खायला उठतं म्हणून दुपारी आसऱ्यात येऊन बसायचे, पिंजरे धुवायला मदत करायचे. कुत्रं पाळायचं नाही, नुसतं बघायला येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग घरून दहीभाताचा डबा येऊ लागला आणि तो मोहरीच सगळा खायची. शेवटी एक दिवस काकांनी मान खाली घालून विचारलं, की ही माझ्याकडे राहील का?

‘सोबत’ची यासाठी स्वतःची रीत होती. लेकीची करतात तशी कुत्र्याची पाठवणी करायची. त्याची ताटली आणि जुनं पोतं सोबत द्यायचं. आठवडाभरानं नव्या घरच्यांनी त्याला इथे परत आणायचं. ही मांडवपरतणी. दिवसभर ते इथे राहील, संध्याकाळी फाटक उघडायचं आणि कुणी हाक मारायची नाही, ओढायचं नाही. ते आपल्या पायांनी जाऊन त्यांच्या गाडीत बसलं, तर ते घर त्याचं. नाही बसलं, तर त्यानं इथेच राहायचं. मग समोर कलेक्टर का असेना. ही रीत मालनताईंनी घातली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. मुक्या जिवाला विचारणारे सगळ्या शहरात आम्हीच, असं त्या म्हणायच्या.

मोहरीच्या पाठवणीआधी कायद्याप्रमाणे टोपी चढली. कुणालाच काळजी नव्हती. जिला असं बांधून टाकलं, तिला त्या माणसाच्या वासानं धडकीच भरणार, हे डॉक्टरांनाही वाटत होतं. कुप्यांमधून वास सुटत राहिले, मोहरी कंटाळून जांभया देत राहिली. आणि एकदम लाल रेघ ताडकन उठली. तिच्या मागोमाग हिरवीही उठली, इतकी वर की पडद्याबाहेर गेली. मोहरी उभी राहिली, फाटकाकडे तोंड करून शेपूट हलवायला लागली आणि बारीक आवाजात कुंई-कुंई करत राहिली. फाटकात कोणीही नव्हतं. केंजळेकाका दहीभाताचा डबा हातात धरून ते बघत होते. त्यांनी डब्याचं झाकण हळूच बंद केलं.

पडद्यावर नाव आलं, शैलेश बागवे.

बागव्यांचा टाइल्सचा मोठा व्यवसाय. गेल्या वर्षी ते जुनं घर विकून नव्या टॉवरमध्ये राहायला गेले होते, आणि त्या टॉवरच्या कमिटीला कुत्री चालत नाहीत हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. कचेरीचा निरोप मिळताच गृहस्थ धावत आले, कारण त्यांना येत्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. जनावर टाकल्याचं सिद्ध झालं तर नाव जाहीर होतं. जनावर हरवलं होतं आणि परत मिळालं, असं ठरलं तर फोटो छापून येतो. मोहरी हरवली होती, असं ते म्हणाले. कुणीतरी चोरून नेऊन बांधली असेल, लोक काय हो, कुठल्याही थराला जातात. हे ऐकताना मालनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ठेवणार कुठे, असं त्यांनी विचारलं, तर बागव्यांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं.

“गोडाऊनवर. वॉचमन आहे, साखळी आहे, सगळी सोय आहे.”

ताईंनी हरकत घेतली, तेव्हा निवाड्यासाठी कचेरीतून हेमांगी भोसीकर आल्या. बाई सरळ होत्या, लाच खाणाऱ्यातल्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगायला हवं. अशा कामात वाईट माणसापेक्षा सरळ माणूसच जास्त नुकसान करून जातो. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, मानेवरचा वण पाहिला, आणि हा कुणी केला याचा पुरावा नाही म्हणाल्या. मग पडदा पाहिला. मारणाऱ्याच्या वासानं जनावर घाबरतं, ही तर हरखून जाते. तेव्हा छळ झाला असं कसं म्हणायचं?

“तिचं प्रेम आहे त्यांच्यावर, मालनताई,” भोसीकर समजुतीनं म्हणाल्या. “हे मी नाही म्हणत, तिचा मेंदू म्हणतोय.”

मालनताई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“मला नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. भावकी बसली. चार लोकांत मला विचारलं, नवरा आवडतो का? मी मान हलवली. आवडत होताच. मग काय, पोरीचं मन आहे म्हणाले आणि पोचवून आले. या डाव्या कानानं मला तेव्हापासून ऐकू येत नाही.”

भोसीकरांनी नजर खाली वळवली. वाईट वाटलं, म्हणाल्या, पण माणसांचं वेगळं, कायद्यात तो विषय नाही. आणि मग त्यांनी फार सभ्यपणे एक डाव टाकला. आसऱ्याची जी रीत आहे, तीच करू या, म्हणाल्या. फाटक उघडा. बागव्यांची गाडी आहे, केंजळ्यांची स्कूटर आहे. मोहरीलाच ठरवू दे. ताईंना नाही म्हणता येईना. आपल्याच रितीला नाही म्हणायचं कसं?

फाटक उघडलं. टोपी नोंदीसाठी डोक्यावरच ठेवली होती. मोहरी एक क्षण थांबली आणि सुसाट सुटली. बागव्यांच्या पायांत घोटाळली, त्यांचे हात चाटले, अंग टाकून लोळली, आणि गाडीचं दार उघडताच टुणकन मागच्या सीटवर चढली. केंजळेकाकांनी स्कूटरवरचा हात काढून घेतला. बागव्यांनी दार लावलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून मालनताईंना वाटलं, आत्ता इथेच दगड उचलावा.

पण त्याहून जास्त राग त्यांना स्वतःच्या रितीचा आला. इतकी वर्षं आपण या जिवांना हाच तर प्रश्न विचारत आलो, की तुला हा आवडतो का? भावकीनं विचारला होता तोच. आणि वर त्याला नाव दिलं मांडवपरतणी.

भोसीकर निवाड्यावर सही करणार, एवढ्यात डॉक्टर मुजावरांनी थांबा म्हटलं. ते पडद्याकडेच बघत होते. लाल आणि हिरव्या रेघेखाली आणखी एक करडी रेघ असते. पहाऱ्याची रेघ. जीव किती सावध आहे एवढंच ती दाखवते आणि कायद्यात तिचा उल्लेख नसल्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. हिरवी वर होती हे खरं, पण करडीही टोकाला जाऊन चिकटली होती. भेटीच्या आनंदात असं होतं, बागवे म्हणाले. होतं, डॉक्टरांनी कबूल केलं, पण मग ती उतरते. उतरते का ते बघू, फार वेळ नाही लागणार. भोसीकरांनी पेन खाली ठेवलं.

मग सगळे वाट बघत उभे राहिले. गाडीत एसी चालू होता, बागवे पुढच्या सीटवर फोन बघत बसले. मोहरी मागे ताठ बसून होती. तिनं बिस्कीट हुंगलं, खाल्लं नाही. बागव्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला की ती उभी राही. त्यांचा हात दाराकडे गेला की ती दोन सीटच्या फटीतून मान पुढे काढून त्यांच्या तोंडाकडे बघे. हिरवी रेघ वरच राहिली. करडीही वरच राहिली, तसूभरही हलली नाही.

मालनताईंनी दार उघडून मोहरीला उचललं. ती यायला तयार नव्हती, कुंई-कुंई करत होती. ताईंनी तिला सावलीत केंजळेकाकांजवळ ठेवलं. काका बाकावर बसले होते, त्यांनी तिला हातसुद्धा लावला नाही. लाल रेघ थोडी उठली, हिरवीही बेताचीच उठली, गाडीत उठलेल्या रेघांपुढे काहीच नाही. मोहरी बराच वेळ गाडीकडे तोंड करून बसली. मग तिनं एक मोठा सुस्कारा सोडला, काकांच्या पावलांवर हनुवटी टेकली आणि बघता बघता कुशीवर कलंडली. मानेचा उघडा वण वर आला. करडी रेघ जिना उतरावा तशी खाली आली आणि तळाशी आडवी झाली. मोहरी घोरत होती.

बागवे घड्याळ दाखवत उतरले. झोपेचा आणि मालकीचा काय संबंध, असं त्यांनी जरा जोरातच विचारलं. मोहरीचा कान हलला, पण ती उठली नाही.

भोसीकरांनी पेन हातात घेतलं होतं. कायद्यात फक्त ओळख आणि आनंद आहे, त्या म्हणाल्या. झोप लागते का, असा प्रश्न कायद्यात कुठेच नाही. हे सांगताना त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, मोहरीकडे बघत होत्या.

“नाहीच,” मालनताई म्हणाल्या. “आवडतो का, एवढंच सगळे विचारतात. त्याच्या घरात तुला निवांत झोप लागते का, हे मला कुणी विचारलं नाही, माझ्या आईनंसुद्धा. तुम्ही शिकलेल्या, बाई, मोठ्या पदावर आहात. तुम्हाला तरी कधी कुणी विचारलंय का?”