दोन ओळींतली फट

धानपट्ट्यातल्या गोरेगावचा आठवडी बाजार ऐन भरात होता, आणि राखी बाजाराकडं पाठ करून धावत होती. हातात फोन, काखेत निळी छत्री. ऑनलाइन सेंटरच्या ओल्या पायरीवर तिचा पाय सरकला. आतून एक हात चटकन पुढं आला... पण तिनं दाराची चौकट धरली, हात नाही.

"भाऊ, एक मेल सुधरवून देता का? पाच वाजेलोकच वेळ आहे."

घड्याळात चारला दहा कमी होते.

"नाव सांगा."

"राखी."

"नाव राखी, अन् वरून मले भाऊ म्हनता," तो तरुण खुर्ची सरकवत म्हणाला. "मंग मी जाऊ कुठं? योगराज म्हना. बाहेर बोर्डावर लिहून आहे."

दुसरा दिवस असता तर ती हसली असती. आज तिनं फक्त ओली छत्री दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि फोन त्याच्यापुढं धरला.

राखीची माय कुंदाबाई रोवणीची गाणी म्हणायची. धानाची रोपं लावता लावता खाचरात, म्हणजे बांधीत, एका रांगेतल्या बाया ओळ टाकायच्या, समोरच्या रांगेनं दम न घेता तिचं उत्तर द्यायचं. कुणी अडखळली की चिखलात उभ्या बाया तिची टर उडवायच्या. राखी नेहमीच अडखळायची. "इले नवरा विचारल, तवा बी ही इचारच करत राहील," नंदाकाकी म्हणायची, आणि सगळी बांधी हसायची.

त्यातली दोन-दोन ओळींची वीस गाणी राखीनं लिहून नागपूरच्या एका संपादकांना पाठवली होती. पुस्तक निघणार होतं. त्यांची अट एकच – फाईल नको, याच मेलला साध्या मजकुरात उत्तर द्या. आणि आज सकाळी त्यांचं पत्र आलं होतं : 'तुमच्याकडून चाळीस सुट्या ओळी आल्या. प्रत्येक ओळ वेगळं गाणं समजून क्रमांक दिले. त्यातल्या अर्ध्या नुसत्या उत्तरांसारख्या आहेत, त्या गाळतो. जोड्या असतील तर पाचच्या आत दुरुस्त पाठवा. नंतर पानं छापायला जातील.'

"मी चार खेपा पाठवलं," राखी म्हणाली. "सकाळी फोनवरून, मंग मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून. मधली जागा काढतो, इथं बरोबर दिसते, अन् तिकडं गेलं की... दर ओळीखाली पुन्हा रिकामी ओळ. मायले सांगून बसली मी, तुह्यं नाव छापून येनार म्हनून. आता अर्धं गानं येऊन राहिलं."

योगराजनं मेल आपल्या पडद्यावर उघडला. मस्करी त्याच्या तोंडावरून गेली.

"तुमी ओळ संपली का एंटर मारता?"

"मंग का मारू?"

"एंटर मारला का मशीनले वाटते, नवा परिच्छेद सुरू झाला. साध्या मजकुरात पाठवलं का ते दोन परिच्छेदांत एक ओळ मोकळी सोडते. तुमाले दिसत नाई, त्यायले दिसते." त्यानं बोट ठेवलं. "शिफ्ट दाबून एंटर मारा. ओळ खाली जाते, पन परिच्छेद तोच राहते. फट पडत नाई."

"इतकंच?"

"इतकंच. पन एक भानगड आहे." डावीकडचं शिफ्ट उखडलेलं होतं, उजवं इतकं कडक, की ते दाबून धरायलाच एक माणूस लागावा. "मी हे धरतो, तुमी एंटर मारा. कोनती ओळ कोनाची, मले का माहीत?"

मग सुरू झालं. ती ओळ मागं ओढून जोडायची, तो शिफ्ट धरायचा, ती एंटर मारायची. तिची करंगळी त्याच्या अंगठ्याला लागायची – चिखलात रोप टेकावं, इतकीच.

"बांधीच्या चिखलात पाय रुतला बाई," ती पुटपुटली.

"हात धर सोबतीनं, दिवस गेला बाई," योगराजनं पुढची ओळ वाचली, आणि तिच्याकडं बघितलं. "पायरीवर तर धरला नाई तुमी."

"...एंटर मारू का?"

"मारा."

शेवटची जोडी लागली तेव्हा घड्याळ चार चाळीस दाखवत होतं. "आधी मले पाठवा," योगराज म्हणाला, "मी एक कोरा मेल टाकतो, त्याच्या उत्तरात." गेलं. त्यानं आपल्या पत्त्यावर उघडलं. ओळीला ओळ खेटून उभी होती, आणि दर जोडीनंतरच मोकळी जागा.

आता संपादकांना – आणि तेवढ्यात लाईन गेली. यूपीएस टीं टीं करू लागला. राखीनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. योगराजनं आपल्या फोनचं नेट जोडलं. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं... फिरत राहिलं... गेलं. चार बावन्न.

पत्र्यावर बारीक पाऊस टपटपत होता. चार अठ्ठावन्नला उत्तर आलं : 'मिळालं. वीस गाणी, सगळ्या जोड्या घेतो. वर कुंदाबाईंचं नाव.'

राखीनं डोळे पुसले आणि उठली. "शेवटची बस आहे... निघतो मी." दारापर्यंत गेली. छत्रीकडं हात नेला. मागं कळांचा आवाज आला.

"थांबा जरा. मघाच्या मेलखाली एक ओळ राहून गेली."

ती वळली. पडद्यावर नवी ओळ होती :

पुढच्या बाजाराले वाट पाहू का

योगराज पडद्याकडंच बघत होता. कान तेवढे लाल झाले होते. यूपीएस अजून टीं टीं करत होता, केव्हाही बंद पडला असता. साऱ्या बांधीतल्या बाया आपल्याकडं बघून राहिल्यात, असं राखीला वाटलं. अडखळली तर...

ती खुर्चीत टेकली.

"शिफ्ट दाबता का... योगराज?"

त्यानं दाबलं. तिनं एंटर मारला, आणि दम न घेता लिहिलं :

छत्री इथंच ठेवली, अजून सांगू का

मग ती तशीच भिजत बसकडं निघाली. मागं पडदा विझेपर्यंत योगराज बघत राहिला – दोन ओळी, एकीखाली एक, मधी कुठंच फट नव्हती.