झाडूगाडी

बायकांच्या त्या सायकल शर्यतीत सगळ्यांत शेवटी एक मोटार चालायची. तिला सगळे झाडूगाडी म्हणत. शर्यत एकशे साठ किलोमीटरची, आणि बहुतेक रस्ता खडीचा. जी पडली, दमली, जिची साखळी तुटली, तिला गाडीत घ्यायचं, तिची सायकल टपावर बांधायची आणि वाटेतले दिशेचे बाण उपटत पुढे जायचं, एवढंच तिचं काम.

यंदा ते काम मिस्त्रींनी स्वतःची गाडी देऊन मागून घेतलं होतं. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मुलगी शर्यतीत होती.

मागच्या वर्षी याच शर्यतीत ते एकशे दहाव्या किलोमीटरच्या मदत-ठाण्यावर हवा भरायला बसले होते. बायको इस्पितळात होती. "माझ्या उशाशी बसून काय दिवे लावणार आहात? तिचं चाक बघा जा," म्हणून तिनेच त्यांना घालवलं. दुपारी मेहुणीचा फोन आला, सगळं संपलं होतं. दहा मिनिटांनी मुलगी ठाण्यावर पोचली. तिसरी होती. घामाने डबडबलेली, खुशीत.

"आई कशी आहे?"

"झोपलीय," मिस्त्री म्हणाले आणि वाकून तिच्या मागच्या चाकात हवा भरू लागले.

शर्यत संपल्यावर त्यांनी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे दोन तास मी हसत सायकल चालवत होते." तेव्हापासून घरात बोलणं कामापुरतं. जेवण झाकून ठेवलंय. किल्ली शेजारी दिलीय.

यंदा तिने पुन्हा नाव दिलं. सराव वर्षभर नव्हता. "पूर्ण करायचीय मला," म्हणाली. नियम असा होता, की शेवटच्या चढाचा माथा पाच वाजेपर्यंत गाठायचा, नाहीतर झाडूगाडीने अडवायचं आणि छातीवरचा नंबर काढून घ्यायचा. म्हणजे तिला अडवायचं झालं तर तेही मिस्त्रींनीच.

सकाळ बरी गेली. सत्तराव्या किलोमीटरला एक शाळेतल्या बाई गुडघा धरून बसलेल्या सापडल्या.

"झाडूगाडीत बसायची पाळी आली, म्हणजे आम्ही आता केरच की हो, मिस्त्री."

"केर कसला, बाई. तुमच्या गुडघ्याने संप केलाय, दुसरं काय."

एकशे दहाच्या ठाण्यावर त्यांनी बाईंना उतरवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा चाचपत सांगितलं, "शेवटच्या दोघी आत्ताच गेल्या. वीस मिनिटं झाली असतील."

"दोघी? मागे माझी एकटीच राहिलीय. यादी आहे ना माझ्याकडे."

"तुमची लेक आणि तिच्या शेजारची बाई. मी पाणी पुढे केलं, तर तिने हातानेच नको म्हटलं. नंबर काही दिसला नाही. धुळीने माखली होती."

"ऊन लागलंय तुम्हाला," शाळेच्या बाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

ठाण्यापुढे रस्ता कालव्याच्या कडेने जात होता. खडीवर पिठासारखी पांढरी धूळ बसली होती. मिस्त्री बाण काढायला खाली उतरले, तेव्हा त्यांनी चाकांच्या खुणा पाहिल्या. पुढे गेलेल्यांचा गिचमिड काला होता आणि त्यावर दोन ताज्या रेघा. एक मुलीची. तो खाचांचा टायर त्यांनीच चढवला होता, लाखात ओळखला असता. दुसरी तिच्या डावीकडे, हातभर अंतरावर. तीत खाचाच नव्हत्या. अगदी सपाट, जणू धुळीवरून कोणी बोट ओढत नेलं होतं. असला टायर लावून खडीवर कोणी उतरत नाही, पहिल्याच वळणावर घसरेल. पण वळणावर ती रेघ मुलीच्या रेघेइतकीच सफाईने वळली होती.

चार वाजता मुलगी दिसली. पुढे लांब, एकटी. ती मान डावीकडे वळवून काहीतरी बोलत होती. मग तिचे खांदे हलले. वर्षभरात तिला हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं, तरी ते ओळखू आलं.

त्यांनी गाडी जवळ नेली आणि काच खाली केली. "बरी आहेस ना? पाच वाजायला..."

"माहितेय. बाबा, गाडी मागे घ्या. तिला धूळ लागतेय."

"कोणाला?"

तिने पुन्हा मान डावीकडे वळवली. मिस्त्रींनी गाडी मागे घेतली.

चढ सुरू झाला तेव्हा पाचला अठरा मिनिटं कमी होती. अर्ध्यात ती डुलू लागली. पुढचं चाक भरकटायला लागलं. सायकल जवळजवळ थांबली. पाचला सहा कमी. मिस्त्रींनी पायताणं नीट केली. आता उतरायचं, तिच्यापुढे उभं राहायचं, पिना काढायच्या.

तेवढ्यात सायकल सरळ झाली.

ती वर जाऊ लागली. सावकाश, एका चालीने.

मिस्त्री पुढे वाकून काचेतून पाहत राहिले. मुलीचे पाय थांबले होते. पॅडलं स्थिर होती. पाठ मागे कशाला तरी टेकावी तशी सैलावली होती. आणि सायकल चढत होती.

माथ्यावर पोचल्यावर तिचे पाय पुन्हा फिरू लागले. ती पलीकडे उतरून दिसेनाशी झाली. पाचला एक मिनिट कमी होतं.

मिस्त्री माथ्यावर थांबले. शेवटचा बाण उपटून आत ठेवला आणि गाडी चालू केली.

टुंग. टुंग. टुंग.

मागच्या सीटवर कोणी पट्टा न लावता बसलं, की ती गाडी अशी वाजायची. मागे कोणी नव्हतं. बाण पुढच्या सीटखाली होते.

टुंग. टुंग.

मग पट्टा अडकल्याचा खटका ऐकू आला. वाजणं थांबलं.

मिस्त्रींनी आरशात पाहिलं नाही.

ते उतार उतरू लागले. वळणं हळू घेतली. मग म्हणाले, "तिला तेव्हाच सांगायला हवं होतं मी."



शेवटच्या रेषेपाशी थोडी माणसं उरली होती. मुलगी बाकावर बसून बूट सोडत होती. तिने पदक गळ्यातून काढून हातात धरलं होतं. मिस्त्रींनी तिची सायकल टपावर चढवली, दोर आवळला.

"पोचलीस," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुझ्याबरोबर होती ती?"

"माथ्यावर थांबली." बुटाची नाडी ओढत ती म्हणाली, "रागावू नकोस म्हणाली तुमच्यावर."

वर्षभर ती त्यांच्या गाडीत मागेच बसत आली होती. आताही तिने मागचं दार उघडलं. वाकली. तशीच थबकली. मग दार आवाज न करता लावलं आणि पुढे येऊन मिस्त्रींच्या शेजारी बसली.

मिस्त्रींनी किल्ली फिरवली.

"थांबा एक मिनिट," ती म्हणाली. सीटखालचा दांडा ओढून तिने आपली सीट पुढे सरकवली, मागे कोणाचे गुडघे आखडू नयेत इतकी.