उद्याचा माणूस

सांगलीच्या मनोमापन केंद्रात मंदार गोवंडे शीळ घालत शिरले, आणि डॉक्टर ओवी नलावडे बुचकळ्यात पडली. मागच्या आठवड्यात याच माणसाने, माझी चालढकल घालवा म्हणून, तिच्यापुढे हात जोडले होते. थोरल्या बहिणीच्या, वृषालीताईच्या गळ्यावर येत्या सोमवारी शस्त्रक्रिया होती. जीव वाचणार होता, आवाज जाणार होता. आणि तिच्यासाठी बांधायला घेतलेलं गाणं अर्धंच होतं. मुखडा केव्हाचा तयार, अंतरा वर्षानुवर्षं अडलेला. दर कोजागरीला ताई मुखडा गायची, घरातली पोरंटोरं "पुढे?" म्हणून ओरडायची, आणि मंदारकाका पेटीचा भाता बंद करत म्हणायचे, "पुढच्या वेळी."

"झाला का अंतरा, काका?" ओवीने विचारलं.

"छे! पेटीसुद्धा उघडली नाही. पण मन कसं प्रसन्न आहे म्हणून सांगू! उद्या बसतो."

ओवीने आपल्या सहकाऱ्याकडे, कबीर मुजावरकडे पाहिलं. उपचाराचं यंत्र त्याच्या ताब्यात असे. "निकटन नीट दिलं होतंस ना?"

"पूर्ण मात्रा दिली, मॅडम."

"मला पुन्हा एकदा सांगा बरं," काका खुर्चीत टेकत म्हणाले, "माझ्या डोक्याचं तुम्ही नक्की काय केलंत?"

ओवी त्यांच्यासमोर बसली. "आपल्या मेंदूत माणसांचा एक नकाशा असतो, काका. मधोमध आपण. आई जवळ, शेजारी लांब, रस्त्यावरचा माणूस त्याहून लांब. आणि गंमत म्हणजे 'उद्याचा मी' हासुद्धा तिथे वेगळा माणूस म्हणूनच नोंदलेला असतो. चालढकल करणाऱ्यांच्या नकाशात तो पार शेजाऱ्याच्याही पलीकडे असतो. मग नकोसं काम आपण खुशाल त्याच्या गळ्यात मारतो. परक्याच्या कष्टांचं कुणाला काय पडलंय?"

"आणि निकटनाने?"

"चुंबकाच्या स्पंदनांनी आम्ही त्याला जवळ ओढतो. तो आपला वाटायला लागला की त्याच्यावर ओझं टाकवत नाही. माणूस आजच कामाला लागतो. प्रबंध रखडलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांना गुण आलाय." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती कबीरकडे वळली. "काकांचा नकाशा कुठाय?"

कबीर कान खाजवू लागला. नकाशा काढायला अख्खी सकाळ जाते. विद्यार्थ्यांचे सगळे नकाशे एका साच्यातले निघाले होते, तेव्हा यांचाही तसाच असणार, सवडीने काढू, असं त्याने ठरवलं होतं. चालढकलीवर संशोधन करणाऱ्या मंडळींनी नकाशाचीच चालढकल केली होती. ओवीने कपाळाला हात लावला आणि काकांच्या डोक्यावर यंत्राचा टोप चढवला.

दुपारी नकाशा पडद्यावर आला. मधोमध काकांचा ठिपका, त्याला खेटून ताईचा. 'उद्याचा मी' मात्र कुठेच दिसेना. निकटनाचा परिणाम वजा करून पाहिला, चित्र मोठं करून पाहिलं, तेव्हा तो सापडला.

"हा तर मध्यावरच बसलाय," कबीर म्हणाला. "काकांच्या मांडीवर!"

ओवी काकांकडे वळली. "काका, 'उद्या' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?"

"मी पेटीवर बसलोय, समोर ताई आहे, आणि ती अंतरा उचलतेय."

"रोज हेच?"

"रोज."

"म्हणजे तुम्ही ओझं ढकलत नाही आहात. ताटातलं श्रीखंड शेवटी खायला राखून ठेवतात, तसं ठेवताय. आणि आम्ही तुमच्या त्या लाडक्याला आणखी लाडका करून बसलो!"

काकांची प्रसन्नता जरा उतरली. "अंतरा बाकी आहे तोवर ताईचं गायचं बाकी आहे," ते म्हणाले. "एवढंच मला कळतं, पोरी."

"मग उलट करू या. दूरन. उद्याच्या तुम्हाला परका करून टाकू."

"असं आजवर कुणावर केलेलं नाही," कबीर म्हणाला.

"हलकी मात्रा दे. सकाळपर्यंत ओसरेल. काका, थोडं एकटं वाटेल. चालेल?"

काकांनी मान हलवली.

उपचार होताच ओवी त्यांना घेऊन मिरजेला ताईकडे गेली. ताई मेथी निवडत बसली होती. काकांनी पेटी ओढली आणि सवयीने उद्याचा विचार केला. उद्याच्या त्या चित्रात पेटीवर कोणी अनोळखी गृहस्थ बसला होता, आणि ताई त्याला अंतरा गाऊन दाखवत होती. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. ताई आपली, गाणं आपलं, आणि दाद हा कोण उपटसुंभ देणार?

"ताई, ठेव ती मेथी! ऐक."

"आज काय अंगात आलंय रे तुझ्या?"

काका सूर शोधत गेले, चुकले, स्वतःवरच चिडले, पण थांबले नाहीत. उन्हं उतरायच्या आत अंतरा उभा राहिला. ताईने तो उचलला. वरच्या षड्जावर तिचा आवाज फाटला. तिने पुन्हा घेतला, आणि या वेळी तो लागला. ओवीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"एवढंसं होतं, मंद्या," ताई म्हणाली, "आणि केवढी वाट पाहायला लावलीस!"

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी पार पडली. ताई सुखरूप होती, आवाज गेला. ती घरी यायच्या आदल्या दिवशी काका तपासणीसाठी केंद्रात आले. चेहरा शांत, डोळे कोरडे. पडद्यावर नकाशा उमटला आणि कबीर घाबरला. उद्याचा ठिपका अजून दूर होता, रस्त्यावरच्या माणसाहूनही दूर.

"दूरन कधीच ओसरलंय," तो कुजबुजला. "मग हे काय?"

"यंत्राकडे बघू नका," काका म्हणाले. "उद्या डोळ्यांसमोर आणला की एक माणूस पेटीवर बसलेला दिसतो आणि समोर ताई गप्प. त्या माणसाला मी ओळखत नाही."

"ताईचा आवाज गेला म्हणून जीव तुटतोय का, काका?" ओवीने विचारलं.

"तुटायला हवा ना? मी अजून रडलेलोच नाही. रोज म्हणतो, उद्या रडू."

ओवीने त्यांच्याकडे पाहिलं. परक्यावर ओझं टाकण्याचं हे गणित तिनेच त्यांना समजावलं होतं.

"सगळं त्या परक्याच्या गळ्यात मारतोय मी," काका म्हणाले. "बिचाऱ्याला उद्या ताईसमोर बसायचंय. त्याला जवळ आणा, पोरी. पूर्ण मात्रा द्या."

कबीरने टोप चढवला, यंत्र सुरू झालं. थोड्या वेळाने काकांचे खांदे हलू लागले आणि मग ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. ओवी त्यांचा हात धरून बसून राहिली. घाई कुणालाच नव्हती. उद्या ताईला घरी आणायचं होतं, आणि तिच्यासमोर हसऱ्या तोंडाने बसायला कुणीतरी हवं होतं.